पाणी चांगलं आहे, असं नाना म्हणतात

नाना आंघोळ करून बाहेर आले तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच ओट्यावर, टाय लावलेला एक अनोळखी माणूस त्यांच्याच नळाच्या पाण्याला शॉक देत होता.

ओट्यावर दोन पेले होते. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्या माणसाने आणलेलं फिल्टरचं. दोन्हींत लोखंडाच्या कांड्या सोडलेल्या आणि त्यांची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. बघता बघता नळाचं पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग त्यात घाणेरडे गोळे तरंगायला लागले. फिल्टरचं पाणी मात्र होतं तसंच. नानांची बायको तोंडावर हात धरून उभी होती, आणि समोरच्या काकू दारातून मान आत घालून बघत होत्या. काकूंच्या हातात फोन होता आणि फोनवर व्हिडिओ चालू होता.

"बघितलंत ना मॅडम?" टायवाला हळहळून म्हणाला. "हे आपण रोज पितो."

"अहो, तो गंज आहे!" पंचा खांद्यावर टाकत नाना ओरडले. "तुमच्याच कांड्या गंजताहेत त्या! नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज जाते आणि लोखंड सुटतं. तुमच्या पाण्यात क्षारच नाहीत, तर गंजणार कसं?"

"सर काय करतात?" टायवाल्याने बायकोला विचारलं.

"मी जलपरीक्षक आहे. वरिष्ठ."

"म्हणजे सरकारी," टायवाला म्हणाला. घरात कुणी आजारी असल्याचं कळल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

नानांचा राग समजून घ्यायचा तर त्यांची नोकरी समजून घ्यायला हवी. शहराच्या पाण्याच्या केंद्रात सगळी हयात गेली त्यांची. रोज सकाळी पाणी तपासायचं, 'पिण्यास योग्य' असं लिहायचं आणि खाली सही करायची. ती सही झाली की शहराने नळ सोडावा. लाखो माणसं नानांच्या भरवशावर दात घासत होती, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. इमारतीत त्यांना 'पाणीवाले नाना' म्हणत. का, तर काहींची समजूत होती की नाना सकाळी पाणी सोडायला जातात. पाणी आलं नाही की लोक नानांची बेल वाजवत. आलं की कुणी वाजवत नसे.

टायवाल्याला त्यांनी वायरीसकट बाहेर काढला. पण तो गेला तो समोर, काकूंकडे. आणि काकूंनी काढलेला व्हिडिओ त्याआधीच पुढे गेला होता.

दुपारी लेकीचा फोन आला. लेक परगावी, तिची मुलगी पाच महिन्यांची. नानांनी नातीला अजून फोनच्या काचेतच पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात दोघी राहायला येणार म्हणून त्यांनी मागच्या खोलीला रंग दिला होता, खिडकीला जाळी बसवली होती, आणि लेकीचाच जुना पाळणा माळ्यावरून काढून घासूनपुसून ठेवला होता. रोज केंद्रातून आल्यावर ते त्या रिकाम्या पाळण्याला एक झोका देत आणि कुणी बघितलं तर कडी करकरते का ते पाहत होतो असं सांगत.

"बाबा, काकूंनी पाठवलेला व्हिडिओ बघितला," लेक म्हणाली. "आपल्याच ओट्यावर ना? तुम्ही आधी फिल्टर बसवून घ्या. मग येतो आम्ही."

"तू माझी मुलगी आहेस!" नाना म्हणाले. "या पाण्यावर वाढलीस!"

"तेच तर. तेव्हा कुठे माहीत होतं."

"अगं, पाणी चांगलं आहे! मी सांगतोय!"

"काकूही सांगताहेत बाबा. मी कुणाचं ऐकू? त्यांनी दाखवलं तरी. तुम्ही नुसतं ओरडताय."

नानांनी फोन ठेवला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण पीक आपल्याच घरात उलटून आपल्या अंगावर येतं हे त्यांना नवीन होतं. फिल्टर बसवणं म्हणजे काय? आपल्याच सहीवर आपल्याच हाताने काट मारणं. मी मेलो तरी बसवणार नाही, असं त्यांनी बायकोला बजावलं.

"मेल्यावर मी बसवीन," बायको शांतपणे म्हणाली. "आणि अहो, दाताचं काय ठरलं?"

दाताचं म्हणजे असं, की नानांची डावी दाढ गेला महिनाभर ठणकत होती. दातांच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, की मुळाशी पू झालाय, ताबडतोब उपचार करा. नाना उठून आले. "त्याचं कामच आहे ते सांगणं," असं त्यांचं मत. "खुर्ची घेऊन ठेवलीय लाखाची. बसायला माणसं नकोत?" केंद्रातल्या पंप चालवणाऱ्याने लवंगेचं तेल सांगितलं होतं, त्याच्या मेव्हण्याला गुण आला होता. नाना तेल लावत होते.

"तो डॉक्टर तुमच्यासारखंच म्हणत होता," बायको म्हणाली. "'मी सांगतोय ना.'"

"ती गोष्ट वेगळी आहे!" नाना गरजले. कशी वेगळी ते त्यांनी सांगितलं नाही, कारण दाढेत कळ आली.

आठवडाभरात इमारतीत घरोघर फिल्टर लागले. पहिला चेअरमनांकडे. चेअरमन हा माणूस तज्ज्ञांचा जन्माचा वैरी. विम्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी फोनवर सगळ्या विषयांचा अभ्यास केला होता. इंजिनियर काय म्हणतो ते ऐकून ते बरोबर उलटं करत. "तज्ज्ञ म्हणजे काय हो?" जिन्यात गाठून ते नानांना म्हणाले. "एकच गोष्ट फार दिवस करत राहिलेला माणूस. त्याला दुसरं काही दिसतच नाही. आम्ही कसे मोकळ्या मनाचे!"

"मग तुमच्या मोकळ्या मनात जरा जागा असली तर," नाना दात खाऊन म्हणाले, आणि लगेच ओय ओय करत गाल धरला, कारण दात खायची त्यांना सोय राहिली नव्हती. "रविवारी सगळ्यांना गच्चीवर बोलवा. त्याच कांड्या, तेच पेले. सगळ्यांसमोर दूध का दूध करतो."

आता, प्रात्यक्षिक करायचं ते नीटनेटकं म्हणून नानांनी केंद्रातून काचेची भांडी मागितली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "खाजगी इमारतीत आपण पाणी चांगलं आहे असं का सांगायचं?"

"चांगलं आहे म्हणून."

"तसं आपण कागदावर म्हणतोच की. तोंडाने म्हटलं की लोकांना शंका येते," साहेब म्हणाले, आणि हा विषय भांडार विभागाकडे पाठवला. भांडार विभागाने विचारलं, की भांडी फुटल्यास जबाबदार कोण. नाना म्हणाले मी. त्यावर, तुम्हीच मागणार आणि तुम्हीच जबाबदार हे नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. शेवटी नानांनी घरातलेच पेले घेतले.

रविवारी सकाळी नाना उठले तेव्हा गाल सुजून नारळाएवढा झाला होता. बायको म्हणाली पुढच्या रविवारी करा. नाना म्हणाले, नात पुढच्या रविवारपर्यंत थांबणार आहे का? तिला दात येतील, शाळेत जाईल, लग्न होईल, आणि मी इथे पेले धरून बसतो. गालाला रुमाल बांधून ते गच्चीवर गेले.

सगळी इमारत जमली होती. चेअरमनांनी पुढाकार घेऊन टेबल मांडलं होतं. नाना तसे उंचीने बेताचे, त्यात रुमाल. मागून कुणीतरी ओरडलं, "दिसत नाही!" तेव्हा चेअरमनांनी आपल्या उन्हात बसायच्या खुर्चीखालून एक गोल, काळं, जाडजूड ताट बाहेर ओढलं आणि नानांच्या पायाशी ठेवलं. "या, खास तुमच्यासाठी व्यासपीठ!" नानांना बरं वाटलं. वैर असलं तरी माणसात रीत आहे, असं मनात म्हणत ते वर चढले. व्यासपीठ मध्ये जरा लवलवतं होतं. शब्दावर जोर द्यायला पाय दाबला की खालून 'डब्ब' असा आवाज यायचा.

"या शहराचं पाणी," नाना म्हणाले, "उत्तम आहे!" डब्ब. "मी स्वतः तपासतो!" डब्ब. रुमालामुळे शब्द जरा फुगून येत होते, पण पायाची साथ चांगली होती.

मग त्यांनी चेअरमनांच्याच फिल्टरचं पाणी पेल्यात घेतलं. कांड्या सोडल्या. काही झालं नाही. "बघा. स्वच्छ. आता मी यात काय टाकतो? तुमच्यासमोर, काकूंच्या घरून आणलेलं साधं मीठ." चिमूटभर मीठ पडलं. प्लग लावला. ते शुद्ध, महागडं, चेअरमनांच्या घरचं पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, आणि वर गोळे तरंगले.

नानांनी छाती पुढे काढली. हाच तो क्षण, असं त्यांना वाटलं. सत्य उघड्यावर ठेवलं की माणसाला ते दिसतंच, हा त्यांचा नोकरीभराचा विश्वास होता. "आता सांगा," ते म्हणाले, "यावरून काय सिद्ध होतं?" डब्ब.

"अगं बाई," समोरच्या काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मिठातसुद्धा घाण!"

"बापरे," कुणीतरी म्हणालं. "आणि आपण ते लहान मुलांना घालतो."

"नाही! नाही!" नाना ओरडले. "मीठ चांगलं आहे!"

"नाना, तुम्हाला सगळंच चांगलं वाटतं," चेअरमन समजुतीने म्हणाले. "पाणी चांगलं, मीठ चांगलं. आत्ता डोळ्यांदेखत काळं पडलं की हो!"

"तो गंज आहे! बरं, माझ्यावर विश्वास ठेवा, मी नळाचं पाणी पितो, बघा!" आणि नानांनी गच्चीतल्या नळाखाली पेला धरून घटाघट रिकामा केला.

"तरीच गाल असा झालाय," मागून एक बाई म्हणाली. सगळ्यांच्या नजरा त्या रुमालावर गेल्या. लोकांच्या चेहऱ्यावर इतका वेळ जी शंका होती ती फिटली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या निम्म्या घरांनी मीठ फेकून दिलं. काकूंकडे अळणी स्वयंपाक सुरू झाला. दोन दिवसांनी टायवाला पुन्हा आला आणि बॅगेतून शुद्ध केलेल्या मिठाच्या पुड्या काढून घरोघर देऊन गेला. नानांच्या दारावर त्याने बेल वाजवली नाही. जिन्यात भेटला तेव्हा मात्र अदबीने म्हणाला, "सर, आभारी आहे. हे आमच्या कंपनीला सुचलं नव्हतं."

नाना घरी आले आणि पाळण्याला झोका न देता आडवे झाले. त्यांचं पोटही बिघडलं होतं. बायकोला त्यांनी लवंगेचं तेल पोटात गेलं असेल असं सांगितलं. त्यांना राग आला होता तो टायवाल्याचा नव्हे. चोर चोरी करणारच. राग काकूंचा होता, चेअरमनांचा होता, आणि सगळ्यात जास्त लेकीचा होता, कारण तिने विचारलं होतं, "बाबा, ते मिठाचं काय?"

चेअरमन तेवढ्यावर थांबले नाहीत. 'पाणी अशुद्ध, खात्याचाच कर्मचारी पेला पिऊन आजारी' अशी तक्रार त्यांनी केंद्राकडे धाडली. केंद्रात तक्रार आली की साहेबांकडे जाते. साहेब तिच्यावर 'संबंधितांनी तपासावे' असा शेरा मारतात. पाणी बिघडल्याच्या तक्रारीचे संबंधित म्हणजे वरिष्ठ जलपरीक्षक. म्हणजे नानांविरुद्धची तक्रार फिरून नानांच्याच टेबलावर येऊन बसली.

"मी माझीच चौकशी करू?" नानांनी विचारलं.

"निष्पक्षपणे करा," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे तक्रारदाराच्या इमारतीतल्या नळाचं पाणी घ्या."

नोकरीभरात नानांनी स्वतःच्या घरच्या नळाचं पाणी कधी तपासलं नव्हतं. का तपासावं? सकाळी केंद्रात तपासलेलंच दुपारी घरी येतं. आपल्या हातचा चहा आपणच पुन्हा चाखून कोण बघतो? पण शेरा तो शेरा. त्यांनी उकळून घेतलेली बाटली घरी नेली, स्वयंपाकघरातल्या नळाचं तोंड ज्योतीने शेकून घेतलं, पाणी भरलं, आणि केंद्रात आणून, जंतू वाढतात का ते बघायला, उबदार पेटीत ठेवलं. बायको म्हणाली, एवढं सोवळं तर पाहुण्यांनाही करत नाही तुम्ही.

पाणी खराब निघालं.

नानांनी बाटलीला दोष दिला. दुसरी बाटली नेली. खराब. मग त्यांनी स्वतःच्या हातांना दोष दिला, हातांना स्पिरिट चोळून तिसऱ्यांदा पाणी घेतलं. पुन्हा खराब. मग जिथून शहराचं पाणी इमारतीत शिरतं त्या फाटकाजवळच्या नळाचं तपासलं. ते झकास होतं. म्हणजे फाटकापर्यंत पाणी नानांचं होतं, आणि फाटकातून आत आलं की बिघडत होतं. नाना खुर्चीतून उठले आणि भर दुपारी, ऑफिस सोडून, घरी आले ते थेट गच्चीवर.

टाकीची शिडी लोखंडी. गाल धरून, एका हाताने कठडा धरून, नाना वर चढले आणि आत डोकावले. डोकावायला काही अडचण नव्हती. टाकीला झाकणच नव्हतं. पाण्यावर कबुतरांची पिसं होती, कबुतरांनी केलेलं आणखी काही होतं, बॅडमिंटनचं एक फूल होतं आणि कुणाचा तरी निळा पायमोजा संथपणे फिरत होता.

नानांनी झाकण शोधायला वरूनच गच्चीवर नजर टाकली. कोपऱ्यात चेअरमनांची उन्हात बसायची खुर्ची होती. खुर्चीचे चारही पाय एका गोल, काळ्या, जाडजूड ताटावर नीट टेकले होते. नाना खाली उतरले. खुर्ची बाजूला केली. ताटावर एक पाय ठेवला आणि दाबला.

डब्ब.

नाना तसेच उभे राहिले. पाणी उत्तम आहे, डब्ब. मी स्वतः तपासतो, डब्ब. टाकीचं झाकण पायाखाली घेऊन, टाकीकडे पाठ करून, त्यांनी साऱ्या इमारतीला पाण्याची ग्वाही दिली होती. दिव्याखाली अंधार असतो. इथे दिवाच अंधारावर चढून भाषण देत होता. नानांचा कान लाल झाला, मग दुसराही झाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना कळेना की हा राग नेमका कुणावर काढावा.

तेवढ्यात चेअरमन वर्तमानपत्र घेऊन उन्हात बसायला आले. प्रश्न सुटला.

"हे झाकण कुणी काढलं?" नाना ओरडले.

"प्लंबरने. मागे कधी कॉक दुरुस्त केला तेव्हा. तो म्हणाला, लगेच लावून टाका." चेअरमन बसायला खुर्ची शोधत म्हणाले. "पण मी म्हटलं, पाण्याला हवा लागली पाहिजे. मी वाचलंय. आणि इथे फरशी ओबडधोबड, खुर्ची डुगडुगते."

"पाण्यात कबुतरं हगताहेत!"

चेअरमनांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पाणी खराबच होतं की! आम्ही म्हणत होतो तेच खरं निघालं!"

"तुम्ही म्हणत होता ते खोटंच आहे!" नाना इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावर काकू खिडकीत आल्या. "पाणी खराब आहे, पण तुम्ही म्हणता म्हणून नाही! तुमच्या कांड्या खोट्या, तुमचं मीठ खोटं, तुमची हवा खोटी! सगळं चुकीचं बोलून तुम्ही वाचलात, आणि मी सगळं खरं बोलून कबुतरांचं पाणी प्यालो!"

"म्हणजे फिल्टर बसवला ते बरंच केलं," चेअरमन म्हणाले.

नानांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वॉचमनला हाक मारली, टाकी रिकामी केली आणि संध्याकाळपर्यंत स्वतः आत उतरून घासली. झाकण लावून त्यावर तारेचा वेढा दिला. खुर्चीखाली चेअरमनांना वर्तमानपत्राची घडी करून दिली.

घरी येऊन ते भिजलेल्या कपड्यांनीच फोनपाशी बसले. बायकोने टॉवेल आणून खांद्यावर टाकला आणि शेजारी बसली. मग त्यांनीच लेकीला फोन लावला.

"बाबा? फिल्टर बसवला का?"

"नाही." नाना थांबले. "काकूंचा व्हिडिओ खोटाच आहे. पण आपलं पाणी खराब होतं. टाकी उघडी होती. मी बघितलं नव्हतं."

पलीकडे लेकीच्या पाठीमागे छोटी काहीतरी गुरगुरत होती.

"आता टाकी धुतलीय," नाना म्हणाले.

"मग आता पाणी चांगलं आहे?"

नानांच्या जिभेवर नेहमीचे तीन शब्द आले होते. नोकरीभर आलेले, सरावाचे. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "उद्या तपासायला घेतो, परवा कळेल. तोवर येऊ नकोस."

"बरं," लेक म्हणाली. "मग परवाची तिकिटं काढते. कळलं की सांगा."

"अगं, पण मी म्हणालो माहीत नाही!"

"हो बाबा, ऐकलं. म्हणूनच."

फोन बंद झाला. नाना फोनकडे बघत राहिले, आणि मग भडकले ते असे भडकले की टॉवेल खाली पडला. "जन्मभर छातीठोक सांगितलं, चांगलं आहे, चांगलं आहे! एकाने ऐकलं नाही! पोटच्या पोरीने ऐकलं नाही! आणि एकदा, एकदाच, माहीत नाही म्हणालो तर ही पोरगी बाळाला घेऊन निघाली? ही काय रीत झाली?"

बायकोने टॉवेल उचलला. आत जाऊन पेला भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. नानांनी पेला घेतला, सवयीने तोंडाशी नेला आणि थांबले. उजेडासमोर धरून बघितला. नुसतं बघून काही कळत नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"उकळलेलं."

"नीट उकळलंस?"

"मी सांगतेय ना," बायको म्हणाली.

नानांनी तिच्याकडे बघितलं. मग उजव्या बाजूने, दाढ सांभाळत, सगळं पाणी पिऊन टाकलं.

"आणि त्या दातवाल्याला फोन कर," पेला परत देत ते खेकसले. "विचार, उद्या वेळ आहे का."